फाइटिंग बॉब: रॉबर्ट ला फॉलेट, विस्कॉन्सिनचे गव्हर्नर आणि सिनेटर

तळ्याकाठी

गेली काही वर्षे मी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीत, मॅडिसन शहरात राहतो. मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर राज्याचे विधिमंडळ भरते ती पांढऱ्या ग्रॅनाइटची घुमटाची इमारत आहे आणि तिच्यात रॉबर्ट ला फॉलेट यांचा अर्धपुतळा आहे. सुरुवातीला मी त्याच्यासमोरून नुसताच जात असे. पुढे एकदा थांबून नाव वाचले, मग त्यांच्याविषयी वाचत गेलो आणि आता या माणसाविषयी मराठीत सविस्तर लिहावे असे वाटू लागले आहे.

आधी शब्दाचा खुलासा करतो. गव्हर्नर म्हणजे राज्यपाल असे आपण सवयीने लिहितो, पण आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि अमेरिकेतील गव्हर्नर लोकांमधून थेट निवडून येऊन स्वतः कारभार हाकतो. कामाच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा आहे, म्हणून मी गव्हर्नर हाच शब्द ठेवतो.

ला फॉलेट यांचा जन्म १४ जून १८५५ रोजी डेन परगण्यातील प्रिमरोझ या गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. ते जेमतेम आठ महिन्यांचे असताना वडील वारले. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकताना वक्तृत्वाने त्यांचे नाव झाले. १८७९ साली आंतरराज्य वक्तृत्व स्पर्धेत शेक्सपिअरच्या इयागो या खलपात्रावर भाषण करून त्यांनी पहिला क्रमांक मिळवला. नट व्हावे असेही त्यांच्या मनात होते, पण उंची कमी पडली. रंगभूमीचे हे अंग त्यांच्या राजकारणात शेवटपर्यंत दिसते, आणि ते सर्वस्वी गुणाचेच होते असे मी म्हणणार नाही.

परगण्याचे सरकारी वकील, मग १८८५ ते १८९१ अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य, असा त्यांचा प्रवास रिपब्लिकन पक्षाच्या शिस्तीत नेटाने चालला होता. १८९० मध्ये शाळांत इंग्रजी सक्तीची करणाऱ्या बेनेट कायद्यावरून विस्कॉन्सिनचे जर्मन मतदार रिपब्लिकनांवर उलटले आणि त्या लाटेत ला फॉलेटही पडले. खरी कलाटणी त्यानंतर मिळाली. राज्याच्या तिजोरीतील ठेवींचे व्याज माजी खजिनदारांनी स्वतःच्या खिशात घातल्याचा खटला तेव्हा चालू होता, आणि खजिनदारांच्या जामीनदारांत लाकूडव्यापारात गब्बर झालेले सिनेटर फिलेटस सॉयर होते. सप्टेंबर १८९१ मध्ये सॉयर यांनी ला फॉलेट यांना मिलवॉकीतील एका हॉटेलात भेटीला बोलावले. खटल्याचे न्यायाधीश हे ला फॉलेट यांचे मेहुणे. निकाल फिरवण्यासाठी आपल्याला पैसे देऊ केले, असे ला फॉलेट यांनी जाहीर केले. आपण केवळ वकील म्हणून त्यांना नेमू पाहत होतो आणि नात्याची आपल्याला कल्पना नव्हती, असे सॉयर यांचे म्हणणे होते. खरे काय ते त्या दोघांनाच ठाऊक. मात्र पक्षाचे दरवाजे ला फॉलेट यांना बंद झाले ते त्या दिवसापासून.

१८९६ आणि १८९८ मध्ये गव्हर्नरपदाची उमेदवारी त्यांना पक्षाच्या अधिवेशनात नाकारली गेली. १९०० मध्ये ती मिळाली आणि जानेवारी १९०१ मध्ये ते गव्हर्नर झाले. त्या पदावर बसलेले विस्कॉन्सिनमध्येच जन्मलेले ते पहिले गृहस्थ. त्यांच्या मागण्या मुख्यतः तीन होत्या. शेतकरी आपल्या मालमत्तेच्या किमतीवर कर भरतो तसाच रेल्वे कंपन्यांनीही भरावा, कारण तोवर त्या उत्पन्नावर ठरावीक शुल्क भरून मोकळ्या होत. मालवाहतुकीचे अवाच्या सवा दर तपासण्यासाठी राज्याचा आयोग असावा. आणि पक्षाचा उमेदवार अधिवेशनातल्या मुखत्यारांनी न ठरवता मतदारांनी ठरवावा.

पहिल्या विधिमंडळाने यांतले काहीच होऊ दिले नाही. प्रायमरीचे, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडण्याच्या पद्धतीचे, पातळ केलेले विधेयक समोर आले तेव्हा ला फॉलेट यांनी त्यावर नकाराधिकार वापरला आणि राज्याच्या सिनेटने त्यांच्याविरुद्ध निषेधाचा ठराव केला. तेव्हा त्यांनी जो मार्ग काढला तोच या धाग्याचा विषय आहे. ते आमदारांच्याच मतदारसंघांत जाऊ लागले. गावच्या सभागृहात किंवा जत्रेच्या मैदानात तासन्‌तास बोलत, आणि बोलता बोलता कागद काढून विधिमंडळाची मतनोंद वाचायला घेत. विधेयक अमुक, त्यात तुमच्या हिताचे अमुक, आणि तुमच्या आमदाराचे मत: विरोधात. शिवी नाही, आरोप नाही. नाव आणि मत एवढेच. पुष्कळदा तो आमदार समोरच बसलेला असे.

ला फॉलेट यांचे सारे राजकारण या एका कृतीतून उलगडते असे मला वाटते. १९०३ मध्ये रेल्वेवर मालमत्तेनुसार कर बसला, नोव्हेंबर १९०४ च्या सार्वमतात प्रायमरीचा कायदा मंजूर झाला, १९०५ मध्ये रेल्वे आयोग आला. त्याच वर्षी विधिमंडळाने त्यांना वॉशिंग्टनच्या सिनेटवर निवडून दिले. (१९१३ च्या घटनादुरुस्तीपर्यंत सिनेटर लोकांनी थेट निवडायचा नसे, राज्याचे विधिमंडळ तो निवडत असे.) तरीही हाती घेतलेली कामे मार्गी लागेपर्यंत ते वॉशिंग्टनला गेलेच नाहीत, जानेवारी १९०६ मध्ये जाऊन त्यांनी शपथ घेतली.

नव्या सिनेटरने वर्ष-दोन वर्षे तोंड उघडायचे नाही, असा तिथला रिवाज होता. ला फॉलेट त्याच एप्रिलमध्ये रेल्वेदरांच्या विधेयकावर तीन दिवस बोलले. ज्येष्ठ सभासद एकेक करून उठून गेले. तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, अशा आशयाने, की हा प्रश्न नीट सुटला नाही तर आज तात्पुरत्या रिकाम्या दिसणाऱ्या या खुर्च्या उद्या कायमच्या रिकाम्या होतील. प्रेक्षकसज्जात टाळ्या पडल्या. मग उन्हाळ्यात ते व्याख्यानांच्या दौऱ्यावर निघाले आणि गावोगावी सिनेटची मतनोंद वाचू लागले.

हिशेबनीस

उत्तम लेख. एक शंका आहे. पक्षाने आपला उमेदवार कसा ठरवावा हा पक्षाचा घरचा मामला नाही काय? त्यात राज्याने कायदा करून हात घालणे मला थोडे विचित्र वाटते. आपल्याकडे पक्षाचा एबी फॉर्म ज्याच्या हाती पडेल तो उमेदवार. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत तो कोणाच्या हाती पडणार हे खुद्द कार्यकर्त्यांना ठाऊक नसते. त्यावर आपण हळहळतो खरे, पण त्यासाठी कायदा असावा असे कोणी फारसे म्हणत नाही.

तळ्याकाठी

हिशेबनीस, तुमच्या शंकेतच उत्तराची सुरुवात आहे. विस्कॉन्सिनमध्ये तेव्हा रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळणे म्हणजे जवळजवळ निवडून येणेच होते. अशा वेळी खरी निवडणूक अधिवेशनातच होऊन जात असे, आणि अधिवेशनात गावोगावचे प्रतिनिधी येत. त्यांच्या प्रवासाची, मुक्कामाची आणि मतांची तजवीज रेल्वे व लाकूड कंपन्यांचे लोक करत. १८९६ मध्ये आपल्या बाजूचे प्रतिनिधी आदल्या रात्री पैशाने फोडले गेले, असा ला फॉलेट यांचा कायमचा दावा होता.

आता १९०४ चे अधिवेशन पाहा. ते मॅडिसनमध्ये विद्यापीठाच्या व्यायामशाळेत भरले. लाल विटांची, किल्ल्यासारखे बुरूज असलेली ती इमारत तळ्याच्या काठावर आजही उभी आहे आणि माझ्या फिरायला जाण्याच्या वाटेवरच लागते. पक्षातील जुन्या गटाचे, ज्यांना स्टॉलवर्ट म्हणत, लोक खोट्या ओळखपत्रांवर घुसतील अशी ला फॉलेट गटाला धास्ती होती. म्हणून दारापर्यंत काटेरी तारांचे कुंपण घालून एका वेळी एकच माणूस जाईल अशी वाट केली गेली आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले धिप्पाड गडी पहाऱ्याला उभे केले गेले. हरलेला गट उठून गावातल्या नाट्यगृहात गेला, तिथे त्याने स्वतःचे वेगळे अधिवेशन भरवले आणि वेगळा गव्हर्नर-उमेदवार दिला. अधिकृत उमेदवार कोणाचा, हे ऑक्टोबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ला फॉलेट यांच्या बाजूने निकाल देऊन ठरवले. पक्षाचा घरचा मामला म्हणतात तो असा कोर्टातच गेला होता.

उलटतपासणी

काटेरी तार आणि पहिलवान यांचे वर्णन आपण कौतुकाने केले आहे, पण तेच काम समोरच्या गटाने केले असते तर त्याला आपण दंडेली म्हटले असते. ला फॉलेट यांनी जुने यंत्र मोडले असे म्हणतात. त्यांनी त्याच्या जागी स्वतःचे यंत्र उभे केले, हेही सांगायला हवे. राज्याचे शिकार-निरीक्षक आणि तेल-निरीक्षक प्रचारकाळात त्यांची पत्रके वाटत आणि कोणता पुढारी कुठे झुकला आहे याची खबर मॅडिसनला कळवत. हे सारे सरकारी पगारावर चालत असे.

दुसरा मुद्दा पैशाचा. लाकूडसम्राटांविरुद्ध लढणाऱ्या या नेत्याच्या मोहिमांना पैसा कोण पुरवत होते? आयझॅक स्टीफन्सन, जे स्वतः लाकूडव्यापारातले कोट्यधीश होते आणि जुन्या गटाने सिनेटची जागा न दिल्यामुळे रुसून इकडे आले होते. १९०१ मध्ये या बाजूसाठी त्यांनी मिलवॉकीत वर्तमानपत्रही काढून दिले. आणि गंमत पुढेच आहे: प्रायमरीच्या नव्या कायद्यानुसार १९०८ मध्ये सिनेटसाठी मतदारांचा कौल घेतला गेला, तेव्हा याच स्टीफन्सन यांनी एक लाख सात हजार डॉलरहून अधिक खर्च करून तो जिंकला. त्याची चौकशी वॉशिंग्टनपर्यंत गेली. आधी अधिवेशनातले शे-दोनशे प्रतिनिधी विकत घ्यावे लागत. आता सबंध राज्यात जाहिराती द्याव्या लागू लागल्या. स्वस्तातले काम महाग झाले, एवढाच फरक.

तळ्याकाठी

उलटतपासणी यांचे तिन्ही मुद्दे खरे आहेत आणि निरीक्षकांची गोष्ट मी मूळ लेखात लिहायला हवी होती. फक्त शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. स्टीफन्सन यांचा खर्च आपल्याला आकड्यासकट सांगता येतो, कारण त्याचा हिशेब मागता आला. १८९६ च्या त्या रात्री किती पैसे फिरले याचा आकडा कोणीच देऊ शकत नाही.

त्यांच्या स्वभावाविषयी मात्र मी आणखी भर घालतो. मित्र टिकवणे त्यांना जमत नसे. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याशी त्यांचे बिनसले ते धोरणाइतकेच स्वभावामुळे. रूझवेल्ट अर्धी भाकरी मिळाली तरी घेऊन पुढे चालणारे; ला फॉलेट यांचे मत असे की अर्धी भाकरी खाल्ली की भूक मरते आणि उरलेली अर्धी कधीच मिळत नाही. १९१२ मध्ये दोघांनाही रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी हवी होती. २ फेब्रुवारीला फिलाडेल्फियात नियतकालिकांच्या प्रकाशकांची मेजवानी होती. दुसऱ्या दिवशी ला फॉलेट यांच्या मुलीवर शस्त्रक्रिया व्हायची होती आणि ते स्वतः थकून गेले होते. रात्री उशिरा उभे राहून ते दोन तासांच्या वर बोलले, तेच परिच्छेद पुन्हा वाचले, वर्तमानपत्रवाल्यांच्या मेजवानीत वर्तमानपत्रांनाच फैलावर घेतले आणि समोरचे लोक उठून जाऊ लागले. काठावर बसलेल्या समर्थकांना रूझवेल्ट यांच्याकडे जाण्यासाठी निमित्तच हवे होते, ते मिळाले.

पानपलट

सिनेटमधला १९०८ चा प्रसंग अजून कोणी लिहिला नाही, म्हणून लिहितो. बँकांना संकटकाळी जादा चलन काढू देणारे ऑल्ड्रिच-व्रीलंड विधेयक मे महिन्याच्या अखेरीस सिनेटपुढे होते. रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांच्या आधारावर चलन निघाले तर फायदा पुन्हा त्याच मंडळींचा, अशी ला फॉलेट यांची हरकत होती. सभागृह कमालीचे तापले होते. दुपारी ते बोलायला उभे राहिले ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, अठरा तासांहून अधिक काळ. मधूनमधून ते गणसंख्या मोजण्याची मागणी करत. हजेरी होईपर्यंत बसायला मिळे आणि झोपलेल्या सभासदांना कोट चढवून धावत यावे लागे.

पोटाला आधार म्हणून सिनेटच्या उपाहारगृहातून दूध आणि कच्च्या अंड्याचे पेय येत होते. रात्री एक पेला त्यांनी तोंडाला लावला आणि चव विचित्र लागल्यामुळे बाजूला ठेवला. नंतर तपासणीत ते नासून विषारी झाल्याचे आढळले. कोणी मुद्दाम केले की उन्हाळ्याने, याचा निकाल लागला नाही.

त्यांच्यानंतर मिसूरीचे विल्यम स्टोन बोलायचे, मग ओक्लाहोमाचे टॉमस गोर, आणि गोर थकले की पुन्हा स्टोन, असे ठरले होते. गोर पूर्ण अंध होते. ठरल्या वेळी, स्टोन जागेवर आले आहेत अशा समजुतीने गोर बोलणे संपवून खाली बसले. स्टोन नेमके त्याच क्षणी बाहेर गेले होते. पलीकडचे लोक याचीच वाट पाहत होते. ताबडतोब नावे पुकारायला सुरुवात झाली आणि एकदा मतदान सुरू झाले की कोणाला बोलता येत नाही. सगळी खटपट पाण्यात गेली. मात्र इतका वेळ बोलण्याचा ला फॉलेट यांचा विक्रम पुढे १९५३ पर्यंत टिकला.

दर्यावर्दी

आमचे पणजोबा रत्नागिरीकडचे, इंग्रजांच्या बोटीवर खलाशी होते. त्यामुळे ला फॉलेट यांचे नाव मी प्रथम वाचले ते खलाशांच्या १९१५ च्या कायद्यासंबंधी. त्या कायद्यापूर्वी नोकरी सोडून बंदरात उतरलेल्या खलाशाला पकडून तुरुंगात टाकता येत असे, म्हणजे करार संपेपर्यंत तो जवळपास वेठबिगारच. ला फॉलेट यांनी नॉर्वेत जन्मलेल्या अँड्र्यू फुरुसेथ या खलाशी पुढाऱ्याबरोबर वर्षानुवर्षे खपून ही शिक्षा रद्द करवली; बंदरात लागल्यावर कमावलेल्या पगाराचा निम्मा भाग मागण्याचा हक्क मिळवून दिला; आणि टायटॅनिकच्या धक्क्यानंतर जीवरक्षक होड्यांचे नियम कडक करून घेतले.

पण त्याच कायद्यात एक कलम असे होते की बोटीच्या प्रत्येक विभागातील किमान ७५ टक्के लोकांना अधिकाऱ्यांचा हुकूम भाषेनिशी कळला पाहिजे. वरवर पाहता ही सुरक्षिततेची बाब आहे, आणि काही अंशी होतीही. परंतु फुरुसेथ यांचा रोख कमी पगारावर काम करणाऱ्या आशियाई खलाशांना बोटींवरून हटवण्यावर होता आणि ते त्यांनी लपवले नाही. पॅसिफिक महासागरात चिनी खलाशांवर चालणाऱ्या एका मोठ्या कंपनीने कायद्याकडे बोट दाखवून त्याच वर्षी आपल्या बोटी विकून टाकल्या. ज्या हाताने गोऱ्या खलाशाची बेडी काढली त्याच हाताने काळ्या-पिवळ्या खलाशाची भाकरी काढली, असे मी म्हणतो तेव्हा माझ्या बोलण्यात घरचा ओलावा आहे हे मान्य करतो.

शमी

इतके प्रतिसाद झाले आणि बेल केस ला फॉलेट यांचे नाव एकदाही आले नाही! विस्कॉन्सिन विद्यापीठातून १८८५ मध्ये कायद्याची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १८८१ च्या ३१ डिसेंबरला त्यांचे लग्न झाले तेव्हा पतीची आज्ञा पाळण्याचे वचन त्यांनी शपथेतून काढून टाकायला लावले होते. १९०९ मध्ये ला फॉलेट यांनी स्वतःचे साप्ताहिक काढले, त्यात त्या लिहीत. १९१३ नंतर अध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवायला सुरुवात केली, तेव्हा त्याविरुद्ध त्यांनी लेखणी चालवली. पुरोगामी म्हणवणारे कितीतरी पुरुष त्या प्रश्नावर मिठाची गुळणी धरून बसले होते.

१८ जून १९२५ रोजी ला फॉलेट वारले तेव्हा रिकाम्या जागेवर बेल यांनी उभे राहावे असा आग्रह झाला. त्यांनी नकार दिला आणि तीस वर्षांचा मुलगा रॉबर्ट उभा राहिला.

हिशेबनीस

महायुद्धाच्या काळात त्यांना देशद्रोही ठरवले गेले असे वाचल्याचे आठवते. त्याविषयी कोणी लिहील काय?

तळ्याकाठी

लिहितो, त्यांच्या कारकिर्दीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे.

मार्च १९१७ च्या आरंभी अमेरिकी व्यापारी बोटींना शस्त्रसज्ज करण्याचे विधेयक ला फॉलेट आणि त्यांच्या मूठभर सहकाऱ्यांनी अधिवेशनाची मुदत संपेपर्यंत रोखून धरले. अध्यक्ष विल्सन यांनी त्यांना केवळ स्वतःच्याच मताचे प्रतिनिधित्व करणारा हटवादी लोकांचा लहानसा गट म्हटले. ८ मार्चला सिनेटने नियम बदलला आणि दोनतृतीयांश मतांनी चर्चा बंद करण्याची सोय प्रथमच केली. म्हणजे फिलिबस्टरला, बोलत राहून विधेयक रोखण्याच्या डावाला, लगाम घालणारा सिनेटचा नियम हा ला फॉलेट आणि मंडळींमुळे जन्माला आला. पुढे ४ एप्रिलला युद्धाच्या ठरावावर मतदान झाले: बाजूने ८२, विरोधात ६. हे युद्ध गरिबांच्या मुलांनी लढायचे आणि नफा दुसऱ्यांनी घ्यायचा आहे, आणि लोकांना विचारले तर ते नको म्हणतील, असे ला फॉलेट तासन्‌तास बोलून सांगत होते. सभागृहातून बाहेर पडताना कोणीतरी त्यांच्या हाती दोराचे भेंडोळे दिले, अशी हकीकत सांगतात.

सप्टेंबरमध्ये मिनेसोटातील सेंट पॉल येथे शेतकऱ्यांच्या मेळाव्यात ते बोलले. जर्मनीविरुद्ध आपल्या तक्रारी होत्या, पण युद्धात उतरण्याइतक्या त्या मोठ्या नव्हत्या, असा त्यांचा आशय होता. वृत्तसंस्थेने देशभर पाठवलेल्या बातमीत ते वाक्य ‘आपल्या काहीच तक्रारी नव्हत्या’ असे झाले. एका नकाराने वाक्य उलटले आणि देश पेटला. त्यांना सिनेटमधून काढून टाकण्याचे अर्ज आले, चौकशी समिती बसली. ज्या विद्यापीठासाठी त्यांनी गव्हर्नर असताना खूप काही केले होते, त्याच विद्यापीठातील बहुसंख्य प्राध्यापकांनी त्यांच्या निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. वृत्तसंस्थेने चूक कबूल केली ती मे १९१८ मध्ये, म्हणजे आठ महिन्यांनी.

जन्मभर ज्या माणसाने दुसऱ्यांचे मत अचूक वाचून दाखवले, त्याचे स्वतःचे वाक्य देशाने चुकीचे वाचले. ६ ऑक्टोबर १९१७ रोजी त्यांनी सिनेटमध्ये युद्धकाळातील भाषणस्वातंत्र्यावर तीन तास भाषण केले आणि ते बहुतांशी लिहून आणले होते. एरवी आवाजावर भिस्त ठेवणारा हा वक्ता त्या दिवशी कागदावरून वाचत होता.

उलटतपासणी

धैर्य मान्य. परंतु हिशेबाचा भाग राहू नये. विस्कॉन्सिनमध्ये जर्मन वंशाचे मतदार किती होते हे आपण बेनेट कायद्याच्या वेळी पाहिलेच. त्यामुळे युद्धविरोधाची किंमत त्यांना इतर राज्यांतल्या सिनेटरांपेक्षा कमी पडणार होती. आणि जानेवारी १९१९ मध्ये सिनेटने ५० विरुद्ध २१ मतांनी ते प्रकरण निकाली काढले, ते काही न्यायबुद्धी अचानक जागी झाली म्हणून नव्हे. १९१८ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांना ४९ आणि डेमोक्रॅटांना ४७ जागा मिळाल्या होत्या. एका ला फॉलेटला हाकलले असते तर समित्यांची अध्यक्षपदे धोक्यात आली असती.

तळ्याकाठी

ते गणित अगदी बरोबर आहे. त्यामुळे ला फॉलेट सिनेटमध्ये टिकले याचा देशाला पुढे एक उपयोग झाला, तोही नोंदवतो. नौदलासाठी राखून ठेवलेले वायोमिंगमधील टीपॉट डोमचे तेलक्षेत्र अंतर्गत मंत्री अल्बर्ट फॉल यांनी गुपचूप भाडेपट्ट्याने दिल्याचे बाहेर आले, तेव्हा १९२२ मध्ये सिनेट चौकशीचा ठराव ला फॉलेट यांनी मांडला. आपल्याच पक्षाच्या सरकारची चौकशी आपल्याच पक्षाच्या माणसांकडून दाबली जाईल हे ओळखून त्यांनी मोंटानाचे डेमोक्रॅट सिनेटर टॉमस वॉल्श यांना पुढे केले. फॉल हे पदावर असतानाच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेले अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील पहिले गृहस्थ ठरले.

१९२४ मध्ये ला फॉलेट स्वतंत्रपणे अध्यक्षपदासाठी उभे राहिले. मजूर संघटना, समाजवादी आणि शेतकरी यांचा पाठिंबा त्यांना होता. काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लान या संघटनेचा त्यांनी नाव घेऊन निषेध केला. ४८ लाखांच्या वर मते, म्हणजे एकूण मतदानाच्या १६.६ टक्के, मिळूनही निर्वाचक मते, म्हणजे अध्यक्ष ठरवणारी राज्यवार मते, मात्र विस्कॉन्सिनची १३ एवढीच पदरी पडली. त्याविषयी मी फार लिहीत नाही. पक्ष न बांधता एका माणसाच्या नावावर लढलेली ती लढाई होती, आणि तो माणूस वर्षभरात गेला.

पानपलट

मुलाचे पुढे काय झाले हे सांगितल्याशिवाय प्रायमरीची चर्चा पुरी होणार नाही. रॉबर्ट धाकटे १९२५ पासून सिनेटमध्ये होते. १९३४ मध्ये त्यांनी आणि भाऊ फिलिप यांनी विस्कॉन्सिनपुरता वेगळा प्रोग्रेसिव्ह पक्ष काढला. १९४६ मध्ये तो विसर्जित करून ते रिपब्लिकन पक्षात परतले आणि वडिलांनी करून ठेवलेल्या कायद्याप्रमाणे त्या पक्षाच्या प्रायमरीला सामोरे गेले. प्रचारासाठी ते राज्यात फारसे आलेच नाहीत. त्या पद्धतीत मतदाराने कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचे हे तो आयत्या वेळी ठरवू शकतो, आणि मिलवॉकीतल्या पुष्कळ कामगारांनी त्या वर्षी डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत मत दिले. रॉबर्ट धाकटे पाच हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरले. जिंकलेला उमेदवार म्हणजे जोसेफ मॅकार्थी, ज्यांच्या नावाने पुढे कम्युनिस्ट-शोधाचा एक अख्खा काळ ओळखला गेला.

याउलट १९५७ मध्ये सिनेटच्या इतिहासातील पाच थोर सभासद निवडले गेले, ते निवडणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जॉन केनेडी. निवडलेल्या पाचांत ला फॉलेट होते. ज्या सभागृहाने काढून टाकण्यासाठी चौकशी बसवली होती, त्याच्याच स्वागतकक्षात आता त्यांचे चित्र आहे.

शमी

युद्धाच्या विरोधात मत देणारे बाकीचे पाच सिनेटर कोण होते? या धाग्यावर मतनोंद वाचण्याविषयी इतके लिहून झाल्यावर ती नावे तरी वाचली गेलीच पाहिजेत.

तळ्याकाठी

शमी, तुमची मागणी रास्त आहे.

नेब्रास्काचे जॉर्ज नॉरिस. ते १९४२ मध्ये हरेपर्यंत सिनेटमध्ये राहिले. नॉर्थ डकोटाचे आस्ले ग्रोना यांना १९२० मध्ये त्यांच्या पक्षाने पुन्हा उमेदवारी दिली नाही. ऑरेगनचे हॅरी लेन आजारी होते. मतदानानंतर दोन महिन्यांच्या आत ते वारले. मिसिसिपीचे जेम्स वार्डमन १९१८ मध्ये पडले, आणि हे गृहस्थ काळ्यांच्या हक्कांचे इतके कडवे शत्रू होते की ही यादी सहा सत्पुरुषांची आहे असे कोणी समजू नये. स्वतः ला फॉलेट यांना १९२२ मध्ये विस्कॉन्सिनने ऐंशी टक्क्यांहून अधिक मते देऊन परत पाठवले.

सहावे नाव मिसूरीच्या विल्यम स्टोन यांचे. ते परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष होते आणि विल्सन यांच्याच पक्षाचे होते. पुढच्या एप्रिलमध्ये ते वारले. पानपलट यांनी वर सांगितलेल्या १९०८ च्या त्या सकाळी ऐन वेळी बाहेर गेलेले स्टोन ते हेच. या वेळी नाव पुकारले गेले तेव्हा ते जागेवर होते.